एका अबोल जर्मन सिनेमाला मराठी सबटायटल्स : साडेसहा महिन्यांचा हिशेब

१८ मे २०२५ ला, रविवारी सकाळी अकरा वाजता, श्टुटगार्टजवळच्या आमच्या शहरातल्या एका छोट्या थिएटरात ‘दी लिंक्सहेंडिगे फ्राउ’ हा जर्मन सिनेमा मराठी सबटायटल्ससह दाखवला. बावन्न माणसं आली. या एका सकाळसाठी साडेसहा महिने गेले. सुरुवातीला कुणाला विचारावं हेही मला कळत नव्हतं, आणि मराठीत याबद्दल लिहिलेलं काही सापडलं नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

सुरुवात झाली २ नोव्हेंबर २०२४ ला, आमच्या मराठी गटाच्या फराळाला. इथे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर बरेच. महाराष्ट्र आणि आमचं इथलं राज्य बाडेन-व्युर्टेंबर्ग यांच्यात २०१५ पासून भागीदारीचा करार आहे, आणि मुंबई-श्टुटगार्ट ही जुळ्या शहरांची जोडी तर १९६८ पासूनची. पण ज्यांचे आईवडील तीन महिन्यांसाठी येतात त्यांची तक्रार एकच: ते दिवसभर घरात बसून राहतात. थिएटरात जावं तर सगळं जर्मन. कुणीतरी म्हणालं, आपणच एखादा इथला सिनेमा मराठीत आणू या की. मी हो म्हणून बसले, कारण माझ्या डोक्यात कुठला सिनेमा ते आधीपासून होतं.

पेटर हांडके हा ऑस्ट्रियन लेखक. ‘दी लिंक्सहेंडिगे फ्राउ’ ही त्याची कादंबरिका १९७६ ची. मी पुण्यात जर्मन शिकत असताना अथपासून इतिपर्यंत वाचलेलं ते माझं पहिलं जर्मन पुस्तक. वाक्यं छोटी, कुणाच्या मनात काय चाललंय ते लेखक सांगतच नाही, नायिकेला नाव असूनही निवेदनात ती सतत ‘ती बाई’ आणि मुलगा ‘ते मूल’. दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, हांडकेने स्वतःच त्यावर सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शित केला. निर्माता विम वेंडर्स, कॅमेरा रॉबी म्युलरचा, बाईच्या भूमिकेत एडिथ क्लेव्हर आणि नवऱ्याच्या ब्रुनो गान्झ. त्या वर्षी तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. गोष्ट एवढीच: पॅरिसच्या एका उपनगरात राहणारी बाई, परदेशातल्या कामावरून परत आलेल्या नवऱ्याला एके सकाळी शांतपणे सांगते की तू जा. तो जातो. ती मुलासोबत राहते आणि फ्रेंचमधून जर्मनमध्ये भाषांतराचं काम घेते. येणारे-जाणारे तिला सांगत राहतात की तुझं पुढे असं होईल, तसं होईल. ती फारसं काही बोलत नाही. हांडके त्या काळी स्वतः पॅरिसजवळ क्लामारला राहून मुलीला वाढवत होता. ते घर, तो चढाचा रस्ता, ती लोकल गाडी आतून माहीत असलेल्या माणसाने दाखवलं आहे हे प्रत्येक चौकटीत जाणवतं.

लग्नानंतर इथे आले तेव्हा मीही पहिली दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करत काढली. माझा संसार सुखाचा आहे, मला कुणाला जा म्हणायचं नाही. पण दुपारच्या शांततेत शब्द शोधत बसलेली बाई मला माहीत आहे.

आता कागदपत्रं. पहिली गोष्ट: विकत घेतलेली डीव्हीडी घरी बघण्यासाठी असते. चार तिकिटं लावून, किंवा फुकटसुद्धा, बाहेरच्या लोकांना दाखवायचं तर प्रदर्शनाचे हक्क लागतात. दुसरी: सबटायटल्स म्हणजे भाषांतर, त्याची परवानगी वेगळी मागावी लागते. तिसरी: थिएटरात चालेल अशी प्रत. या तिन्ही गोष्टी सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे एकाच पत्रात मागा. मी ११ नोव्हेंबरच्या पत्रात फक्त प्रदर्शनाचं विचारलं आणि महिनाभर उत्तरच नाही. ९ डिसेंबरला आठवण केली, १६ ला उत्तर आलं, त्यात विचारलं होतं की सबटायटल्स कोण करणार, कुठल्या भाषेतून, आणि फाइल नंतर कुणाकडे राहणार. हे आधीच लिहिलं असतं तर नाताळच्या आधी करार झाला असता. तो झाला २३ जानेवारीला. अटी चार: एकच खेळ, सबटायटल्स थेट जर्मनमधून, ती इंटरनेटवर टाकायची नाहीत, आणि खेळानंतर दोन आठवड्यांत फाइलची प्रत त्यांना द्यायची. शुल्क १५० युरो आणि वर ७ टक्के कर.

दरम्यान शहराच्या मदतनिधीचा अर्ज भरायला घेतला, तर तो नोंदणीकृत संस्थेसाठी होता. आमचा तर नुसता व्हॉट्सअ‍ॅप गट. इथे संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, घटना लागते, नोटरीपुढे सही लागते. तेवढा वेळ नव्हता. मग थिएटरच्या कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंनीच मार्ग काढला. इथे बऱ्याच शहरांत ‘कोमुनालेस किनो’ म्हणजे नफ्यासाठी न चालणारी थिएटरं असतात. त्यातलं हे एक. आयोजक ते, सहआयोजक आम्ही. त्यामुळे संगीताच्या हक्कांसाठी ‘गेमा’ या संस्थेला द्यायचे पैसे, विमा, तिकीटविक्री हे सगळं त्यांच्या नेहमीच्या व्यवस्थेत बसलं. मदतनिधी सोडून दिला. तुम्ही असं काही करणार असाल तर आधी थिएटर गाठा, बाकी सगळं मागाहून.

त्या बाईंनी एक गोष्ट मात्र ठामपणे सांगितली. हांडकेला २०१९ चं साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा युरोपात मोठा निषेध झाला होता, कारण युगोस्लाव्हियातल्या युद्धांबद्दल त्याने सर्बियाची बाजू घेतली, आणि २००६ मध्ये सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोशेविच याच्या अंत्यविधीत तो बोलला. प्रास्ताविकात हे सांगितल्याशिवाय खेळ करायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. माझ्या ऑफिसातली एक सहकारी पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या बोस्नियातून लहानपणी इथे आलेली. तिला निमंत्रण देताना मी आधीच हे बोलले. ती म्हणाली, मी नाही येणार, पण तू सांगितलंस ते बरं केलंस. आम्ही आजही रोज एकत्र जेवतो. प्रास्ताविकाची तीन मिनिटं मी त्यासाठीच राखली.

फेब्रुवारीपासून खरं काम. साधन म्हणून ‘सबटायटल एडिट’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. नियम साधे आहेत: एका वेळी फार तर दोन ओळी, कमीत कमी एक सेकंद, जास्तीत जास्त सहा-सात सेकंद, आणि एका ओळीत बेचाळीसच्या आत अक्षरं. इथेच देवनागरीची पहिली अडचण आली. सॉफ्टवेअर मात्रा, वेलांटी, पायमोडकं हे सगळं सुटं मोजतं. ‘स्त्री’ हा एक उच्चार, पण त्याच्या लेखी ती सहा अक्षरं: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. लाल खूण दिसली की मी ओळ कापत सुटले आणि पंधरा दिवसांनी लक्षात आलं की मी उगाच चांगली वाक्यं छाटते आहे. यंत्राचा आकडा सोडून डोळ्यावर भरवसा ठेवायचा ठरवला. पण डोळे कुणाचे?

माझी आई मिरजेला असते. एकोणसत्तर वर्षांची, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. करारामुळे सिनेमा तिला पाठवता येत नव्हता. मग मी काळ्या पाटीवर फक्त ओळी, ठरलेल्या सेकंदांनी बदलणाऱ्या, अशी पानं केली आणि दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर तिला दाखवू लागले. इथे दुपारचे चार, तिथे रात्रीचे साडेआठ. ती वहीत ओळीचा नंबर घालायची. ओळ वाचून व्हायच्या आत निघून गेली की म्हणायची, “गेली.” त्या शब्दावर माझं सगळं संपादन उभं आहे. पहिल्या शनिवारी वीस मिनिटांच्या मजकुरात एकतीसदा ‘गेली’. मार्चअखेर तेवढ्याच मजकुरात चारदा.

नुसतं वेगाचं नव्हतं. पहिला वाद सिनेमाच्या नावाचा. ‘लिंक्सहेंडिगे’ म्हणजे डावखुरी. जर्मनमध्ये ‘फ्राउ’ म्हणजे स्त्री, बायको, आणि आडनावाआधी लावायचं आदराचं संबोधनही. गटात बहुतेकांना ‘डावखुरी स्त्री’ हवं होतं. ‘बाई’ म्हटलं की धुण्याभांड्याची वाटते, असं एकीचं म्हणणं. आई म्हणाली, “अगं, मला तीस वर्षं सगळं गाव बाईच म्हणत होतं.” खरंच आहे. शाळेतल्या बाई, लक्ष्मीबाई, समोरच्या बाई. ‘फ्राउ’ची सगळी दालनं ‘बाई’त उघडतात, ‘स्त्री’ मात्र भाषणातून आल्यासारखी वाटते. ‘डावखुरी बाई’ ठरलं.

मग ते सकाळचं बोलणं, ज्यावर सगळी गोष्ट उभी आहे. ती म्हणते, मला एकदम... आणि जो शब्द वापरते त्याचा अर्थ आत उजेड पडणं. मी लिहिलं, ‘मला एकदम उमगलं’. छान मराठी, पण चुकीचं. कारण पुस्तकात ती त्या शब्दाला स्वतःच हसते, आपल्या तोंडी एवढा मोठा शब्द कसा आला म्हणून. ‘उमगलं’ला कोण हसेल? ‘साक्षात्कार’ घातलं आणि ते हसू जागेवर आलं. पुढचं वाक्य त्याहून छोटं आणि त्याहून अवघड. पहिल्या खर्ड्यात मी ‘जा. मला एकटं सोड’ लिहिलं होतं. आई थांबली. “ही रागावलीय का त्याच्यावर?” नाही, मुळीच नाही, अगदी शांत आहे. “मग असं का म्हणते? एकटं सोड हे भांडणातलं.” शेवटी ‘तू जा. मला एकटीला राहू दे’ झालं. जर्मनमध्ये त्या शब्दाला लिंग नाही. मराठीत ‘एकटी’ म्हटलं की बाई दिसते. ही देणगी आपल्या भाषेची, ती का नाकारायची?

नवरा-बायकोत ‘तू’ ठेवलं, बाहेरच्यांशी ‘तुम्ही’. मुलगा शाळेसाठी निबंध लिहितो, आणखी सुंदर आयुष्य कसं असावं यावर. त्या ओळी आईने जवळजवळ स्वतःच केल्या. माझ्या मसुद्यात ‘हवामान समशीतोष्ण असावं’ होतं. “आठ वर्षांचं पोर असं लिहिल होय? खूप गरम नको, खूप गार नको, असं लिहितात पोरं. मी वह्या तपासल्यात.”

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते शेवटाजवळच्या वाक्याने. रात्री सगळे निघून गेल्यावर ती आरशासमोर स्वतःला सांगते, की तू हे केलं नाहीस, आणि आता तुला कुणी खाली पाहायला लावणार नाही. ‘हे’ म्हणजे ‘फेरराटन’. त्याचे अर्थ दोन: दगा देणं, आणि गुपित बाहेर पडू देणं. ‘तू स्वतःशी दगा केला नाहीस’ लिहिलं तर गुपित गेलं. ‘तू मनातलं उघड केलं नाहीस’ लिहिलं तर दगा गेला. दोन्ही लिहावं तर ओळ ‘गेली’. चार दिवस मी भांडी घासताना, ट्राममध्ये, तेच. २९ मार्चच्या शनिवारी आईला दोन्ही अर्थ समजावून सांगितले. तिने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “फितूर. किल्लेदार फितूर होतो तेव्हा काय करतो? दगाही देतो आणि आतल्या वाटाही सांगतो.” ‘तू फितूर झाली नाहीस.’ तीन शब्द आणि एक नकार. मी फोन तसाच चालू ठेवून टाइप केलं. इतिहासाच्या तासाला शंभरदा ऐकलेला शब्द, पॅरिसजवळच्या एका घरातल्या आरशासमोर इतका चपखल बसेल असं मला कधी सुचलं नसतं.

आईचा व्हिसा याच काळात चालू होता. इथल्या कार्यालयात हमीपत्र, २९ युरो, तारीख मिळायला तीन आठवडे. व्हिसाचे ९० युरो वेगळे. पगाराच्या तीन पावत्या आणि घराचा भाडेकरार मूळ प्रतीसह न्या, नाहीतर दुसरी तारीख घ्यावी लागते. ती २६ एप्रिलला पोचली. तिच्या बॅगेत ती वही होती.

तांत्रिक धक्का मे महिन्यात बसला. थिएटरच्या यंत्रात देवनागरीची जोडाक्षरं फुटतात. चाचणीत ‘साक्षात्कार’चे तुकडे पडद्यावर विखुरलेले पाहिले आणि पोटात खड्डा पडला. प्रत्येक ओळीचं चित्र करून नवी प्रत बांधणं हा एक उपाय, पण तो आमच्या खिशाबाहेरचा. दुसरा उपाय महोत्सवांत वापरतात तो: पडद्याखाली काळी पट्टी, तिच्यावर दुसऱ्या छोट्या प्रोजेक्टरने ओळी टाकायच्या, आणि सिनेमा बघत माणसाने प्रत्येक ओळ हाताने पुढे सरकवायची. प्रोजेक्टर ६० युरो भाड्याने मिळाला. हाताने सरकवायला मी.

आणि बरं झालं हातानेच होतं. युरोपातल्या डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटींनी चालतात, थिएटरातली प्रत २४ ने. फरक चार टक्क्यांचा, म्हणजे जवळजवळ दोन तासांच्या सिनेमात शेवटाकडे पाचएक मिनिटांचा. माझ्या सगळ्या वेळा डीव्हीडीवरून घेतलेल्या! सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा वेग बदलून फाइल ताणता येते, ते मी केलं, पण खात्री करायला प्रतच उघडेना. अशी प्रत डिजिटल कुलूप लावून येते, तिची किल्ली म्हणजे एक छोटी फाइल ईमेलने येते, आणि ती ठरलेल्या वेळेतच चालते. आमची किल्ली नजरचुकीने रविवारी सकाळी दहापासूनची निघाली होती. शनिवारची रंगीत तालीम रद्द. किल्ली हातात आली की तिची सुरुवातीची आणि शेवटची वेळ त्याच क्षणी वाचा. मी गुरुवारी आलेली ईमेल शनिवारी उघडली.

शनिवारी रात्री झोप लागली नाही. मला ओळी चुकण्यापेक्षा दुसरीच भीती होती. या सिनेमात लांबलचक शांतता आहे. बाई चालते, बसते, खिडकीबाहेर बघते, कागदांवर वाकते. खालची पट्टी काळीच राहणार. लोकांना वाटेल बंद पडलं. एकाने सुचवलंही होतं की मधूनमधून ‘ती विचार करत आहे’ असं काहीतरी टाक. ते मी केलं नाही, आणि केलं असतं तर हांडकेने जे सांगायचं टाळलं तेच मी पट्टीवर लिहून बसले असते.

रविवारी साडेदहाला प्रत उघडली, सुरुवातीची पाच मिनिटं जुळवून पाहिली, ताणलेली फाइल बसली. मी शेवटच्या रांगेत लॅपटॉप मांडीवर घेऊन, तिसऱ्या रांगेत आई. पहिल्या मोठ्या शांततेत दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्यात कुणीच वळलं नाही. पुढे तर खोकल्याचाही आवाज नव्हता. ‘साक्षात्कार’ला तीन-चार जण तिच्याबरोबर हसले. ‘तू फितूर झाली नाहीस’ची ओळ मी नियमापेक्षा दोन सेकंद जास्त ठेवली. मला ती काढवेना.

नंतर चहा-चिवडा घेताना एका काकूंनी विचारलं, “पण तिला नेमकं हवं काय होतं?” दुसऱ्या म्हणाल्या, “अहो, सांगितलं की तिने, पहिल्या अर्ध्या तासातच.” मग त्यांचं बराच वेळ चाललं होतं, मी खुर्च्या लावत ऐकत होते.

खर्च असा: हक्क १६०.५० युरो, थिएटरला आमचा वाटा २००, प्रतीचं कुरिअर जाऊन-येऊन ४६, प्रोजेक्टर ६०, पोस्टर ३५. एकूण ५०१.५०. तिकीट ७ युरो, जमा ३६४. उरलेले १३७.५० आम्ही पाच जणांनी वाटून घेतले, प्रत्येकी २७.५०.

सिनेमा चालू असताना एकदा, मुलाच्या निबंधाच्या वेळी, तिसऱ्या रांगेत आईचा हात वर गेलेला मला दिसला होता. घरी आल्यावर तिने वही उघडली आणि बोट ठेवलं. वाऱ्याची ओळ. काळ्या पाटीवर ती चार शनिवार नीट वाचली गेली होती, पण पडद्यावर समोर मूल असलं की माणूस आधी मुलाकडे बघतो, मग खाली. ती ओळ मी त्याच रात्री दोन भागांत तोडली, आईला पुन्हा दाखवली, आणि ३० मे रोजी फाइल पाठवून दिली.